नालासाठी घोडा, ऑर्गनसाठी हॉल

कळंबच्या भजनी मंडळाची पेटी काखोटीला मारून येरमाळ्याच्या एसटीत चढता येतं. तिचा थोरला चुलता म्हणजे पाइप ऑर्गन. तो हलवायचा तर मालगाडी लागते!

खरंच लागली होती. 1904 सालच्या सेंट लुइस प्रदर्शनातला ऑर्गन फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर दुकानाने विकत घेतला. 13 डबे भरून माल आला आणि जोडायला दोन वर्षं गेली. पहिल्यांदा वाजला 22 जून 1911 रोजी, तिकडे लंडनमध्ये पंचम जॉर्जच्या डोक्यावर मुकुट चढत असताना. (हाच तो जॉर्ज, ज्याच्या मुंबईभेटीच्या आठवणीसाठी आपला गेटवे बांधला.) नळ्या दहा हजार, तरी एवढ्या मोठ्या दुकानात आवाज पुरेना. मग शेठजींनी माळ्यावर ऑर्गनचा कारखानाच थाटला. नळ्या वाढत वाढत 28 हजारांवर गेल्या.

इतक्या नळ्या कशाला? पेटीत पितळी पट्ट्या थरथरतात, इथे नळीतली हवा. आणि एका नळीला एकच सूर. बासरीसारखी भोकं झाकून भागत नाही. वॉनामेकरची सगळ्यांत लांब नळी 32 फुटी. तिचा खर्ज कानाआधी छातीला कळतो. आपल्या संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन नावापुरताच ऑर्गन, आतून पेटीच. खरा पाहायचा तर कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल गाठा.

बोस्टनचा किस्सा याहून भारी. जर्मनीहून आणलेला ऑर्गन 1863 साली तिथल्या म्युझिक हॉलमध्ये बसला. 1884 मध्ये वाद्यवृंदाला मंचावर जागा हवी म्हणून तो उतरवला आणि अडगळीत टाकला. 1897 च्या लिलावात एडवर्ड सर्ल्सने अवघ्या 1500 डॉलरला उचलला. स्वस्तात मिळाला खरा, पण ठेवणार कुठे? मेथ्यूएन गावी खास त्याच्यासाठी हॉल बांधला, तो 1909 मध्ये खुला झाला.

माझा लाडका मात्र फिलिपिन्सचा. लास पिन्यासच्या चर्चमधल्या या ऑर्गनच्या 1031 नळ्यांपैकी 902 चक्क बांबूच्या! फादर दिएगो सेरा यांनी 1816 मध्ये बांबू तोडले आणि किडीपासून वाचवायला वाळूत पुरून ठेवले. (आपल्याकडे अवसेला तोडतात, कारण तेच.) ऑर्गन पुरा व्हायला 1824 उजाडलं. पुढे खिळखिळा झाला, तेव्हा 1973 मध्ये जर्मनीत बॉनला क्लाइस कारागिरांकडे गेला. 1975 मध्ये ठणठणीत होऊन घरी परतला. आता दर फेब्रुवारीत त्याचा महोत्सव भरतो.