उच्च रक्तदाब असलेल्या रोग्यांतील निद्रानाश : तक्रारीची भाषा आणि उपचाराची दिशा

उच्च रक्तदाबाचा रोगी 'झोप नाही' अशी तक्रार करतो, तेव्हा ती तक्रार वरवर अगदी साधी वाटते. तीवर उपायही साधाच सुचतो : रक्तदाबाच्या गोळीबरोबर झोपेची एक गोळी. ह्याच्या उलट, काही रोगी झोप गेल्याचा दोष रक्तदाबाच्या औषधाला देतात आणि कोणासही न विचारता ते औषध बंद करतात. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. पहिल्याने झोपेत श्वास अडणाऱ्या रोग्याचा श्वास अधिकच अडण्याचा संभव असतो. दुसऱ्याने पक्षाघाताला वाट मोकळी होते. ह्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. 'झोप नाही' ह्या दोन शब्दांत निरनिराळ्या अवस्था सामावलेल्या असतात, आणि त्यांतील कोणती हे ठरण्यापूर्वीच उपचार सुरू होतो. मराठी भाषेने ह्या अवस्था क्रियापदांच्या साहाय्याने पुष्कळच काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. तो भेद लक्षात घेतल्यास उपचाराची दिशा कशी स्पष्ट होते, हे येथे पाहावयाचे आहे.

१. रात्रीचा रक्तदाब

निरोगी मनुष्याचा रक्तदाब दिवसरात्र एकसारखा राहत नाही. गाढ निद्रेत अनुकंपी तंत्रिका तंत्राची क्रिया मंदावते, परानुकंपी तंत्राचा प्रभाव वाढतो, हृदयाचे ठोके कमी होतात आणि रक्तदाब दिवसाच्या सरासरीपेक्षा शेकडा १० ते २० इतका उतरतो. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन ह्यांनी १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींनी ओळखू येणारी निद्रेची जी अवस्था वर्णिली, तीत मात्र रक्तदाब वरखाली होत राहतो. तरीही एकंदर रात्र ही रोहिण्यांच्या विश्रांतीची वेळ होय. ज्यांचा रक्तदाब रात्री पुरेसा उतरत नाही अशा रोग्यांचा वेगळा वर्ग आयर्लंडमधील ओवेन ओब्रायन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिला. त्या वर्गात पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले.

रात्र जागून काढणाऱ्याच्या बाबतीत ही विश्रांती हुकते. अनुकंपी तंत्र जागेच राहते, रोहिण्या आकुंचित राहतात, आणि अधिवृक्क ग्रंथींचे उत्तेजक स्रावही अवेळी वाढतात. परंतु झोपेची तक्रार करणाऱ्या सर्वांच्या बाबतीत हे सारख्याच प्रमाणात घडत नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात अलेक्झांड्रोस व्हगोंत्झास व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष झोप मोजून केलेले संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निद्रानाशाची जुनाट तक्रार असून ज्यांची मोजलेली झोप ५ तासांहून कमी भरली, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचा संभव सुमारे पाचपट दिसला. ज्यांची तक्रार तीच, पण मोजलेली झोप ६ तासांहून अधिक होती, त्यांच्यात अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. ह्या पाहणीवरून कारण कोणते व कार्य कोणते हे सिद्ध होत नाही; पण तक्रार एक असली तरी तिच्यामागील अवस्था एक नसते, एवढे निश्चित होते.

२. 'झोप नाही' ह्या वाक्याचे अर्थ

मराठीत 'भूक लागते', 'तहान लागते' ह्या प्रयोगांत 'लागणे' हे क्रियापद गरजेची जाणीव दाखविते. झोपेच्या बाबतीत ते तसे नाही. गरजेची जाणीव 'झोप येते' ह्याने व्यक्त होते. 'झोप लागते' ह्याने त्या गरजेची पूर्ती व्यक्त होते. म्हणूनच 'झोप येते, पण लागत नाही' हे वाक्य मराठी माणसास मुळीच विसंगत वाटत नाही. 'झोपणे' हे क्रियापद तर दुहेरी आहे : अंथरुणावर आडवे होणे हाही त्याचा अर्थ, आणि निद्रिस्त होणे हाही. 'दहाला झोपलो, पण दोनपर्यंत झोप लागली नाही' ह्या वाक्यात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात. शिवाय 'मी झोपतो' ह्यात बोलणारा कर्ता आहे. 'मला झोप लागते' ह्यात कर्तेपण झोपेकडे गेले आहे. आडवे होणे माणसाच्या हाती असते, झोप लागणे नसते, हा व्यवहारातील अनुभवच ह्या रचनेत उतरला आहे.

ह्या भेदांच्या आधारे तक्रारीचे चार प्रकार करता येतात. पहिला, झोप न लागणे : येथे मन व शरीर यांची उत्तेजित अवस्था, चिंता, सायंकाळचा चहा, तंबाखू वा मशेरी ह्यांचा शोध घ्यावा लागतो. दुसरा, झोपमोड होणे : येथे लघवीसाठी उठावे लागते काय, खोकला येतो काय, दम लागतो काय, हे विचारावयाचे. तिसरा, पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे : येथे मनाच्या खिन्नतेची चौकशी अवश्य करावी. चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. 'झोप लागते, पण पुरी होत नाही. सकाळी अंग जड, दुपारी डुलक्या' असे रोगी सांगतो, आणि घरची माणसे तो मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून श्वास घेतो, असे सांगतात.

हा चौथा प्रकार म्हणजे स्लीप ॲप्निया. घशाचा मार्ग मिटून १० सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि अनुकंपी तंत्राच्या झटक्याने रक्तदाब उसळतो. तासातून पाच वा अधिक वेळा असे होणे रोगसूचक मानतात. तीन तीन औषधांनीही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा विकार विशेष आढळतो. नाकावरील मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घशाचा मार्ग उघडा ठेवण्याची रीत सिडनीत कॉलिन सलिव्हन ह्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. तिने झोप सुधारते व रक्तदाबही सरासरीने दोन-तीन मिलिमीटर उतरतो; तथापि रक्तदाबाची औषधे त्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत. अशा रोग्यास गुंगी आणणारी गोळी किंवा रात्रीचे मद्य घशाचे स्नायू अधिक शिथिल करते, म्हणून निदानापूर्वी ती देणे अहितकारक होय.

३. औषधांमुळे होणारी झोपमोड

रोग्याचा औषधावरील संशय पुष्कळदा निराधार नसतो. मूत्रल औषध सायंकाळी घेतल्यास रात्री वारंवार उठावे लागते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ह्यांच्या वर्गातील औषधांनी काहींना कोरडा खोकला येतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटारोधक औषधे मेंदूत सहज शिरतात आणि काही रोग्यांना भयानक स्वप्ने पडतात. शिवाय हा वर्ग शरीरातील मेलॅटोनिन ह्या हॉर्मोनची रात्रीची निर्मिती घटवितो. सर्दीवरील काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रीन हे तर झोप घालविते व रक्तदाबही वाढविते.

ह्यांतील बहुतेकांवर उपाय आहे, आणि तो औषध सोडणे हा नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची वेळ किंवा वर्ग बदलता येतो. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रोग्यांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' चाचणीत, औषधे सकाळी घेणाऱ्यांत व सायंकाळी घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात ह्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा मूत्रल गोळी सकाळी हलविण्यात हानी नाही.

४. सर्पगंधेचा धडा

झोप व रक्तदाब ह्या दोहोंवर एकच औषध असावे ही आशा भारतात एकदा फार बळावली होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचे शामक व रक्तदाब उतरविणारे असे दोन्ही गुण वैद्यकीय लेखाद्वारे मांडले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील ह्यांनी ५० रोग्यांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष ह्या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. वकील ह्यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पीन तंत्रिकांच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि रोगी शांत दिसतो. परंतु मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्या काही रोग्यांत खिन्नता, सुस्ती व दुःस्वप्ने दिसून आल्याचे अहवाल लवकरच प्रसिद्ध होऊ लागले, आणि पुढे अधिक सुसह्य औषधे आल्यावर त्याचा वापर विरळ झाला. ह्या इतिहासाने वकील ह्यांच्या कार्याचे मोल उणे होत नाही. त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. मराठीत 'गुंगी' आणि 'झोप' हे दोन शब्द आहेत, आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. तंत्रिकांचा व्यापार दडपल्याने येते ती गुंगी. तीमुळे झोपेचे कार्य साधतेच असे नाही.

५. औषधाविना उपचार

निद्रानाश आठवड्यातून तीन वा अधिक रात्री आणि तीन महिने वा अधिक काळ टिकला, तर त्यास जुनाट म्हणतात. अशा सर्व प्रौढ रोग्यांना प्रथम बोधात्मक वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या संस्थेने २०१६ मध्ये केली. त्याची दोन प्रमुख अंगे आहेत. रिचर्ड बूटझिन ह्यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या रीतीनुसार झोप आल्याखेरीज अंथरुणावर जावयाचे नाही. झोप लागत नाही असे दिसताच उठून दुसऱ्या जागी शांत बसावयाचे, आणि सकाळी ठराविक वेळीच उठावयाचे. अंथरूण व जागरण ह्यांची जडलेली सांगड त्यामुळे सुटते.

दुसरे अंग आर्थर स्पीलमन ह्यांनी १९८७ मध्ये मांडले. 'झोपणे' ह्या क्रियापदाची दुहेरी अर्थच्छटा येथे उपयोगी पडते. रोग्याने एक-दोन आठवडे नोंदवहीत आडवे होण्याची वेळ व झोप लागण्याची वेळ अशा दोन वेगळ्या वेळा लिहावयाच्या. रात्री नऊला झोपणारा व सहाला उठणारा मनुष्य नऊ तास अंथरुणावर असतो. त्यात प्रत्यक्ष झोप कदाचित साडेपाच तासच असते. अशा रोग्यास काही दिवस अंथरुणाचा काळ सुमारे सहा तासच द्यावयाचा. त्यातील शेकडा ८५ वा अधिक काळ झोपेत जाऊ लागला की पंधरा पंधरा मिनिटांनी तो वाढवावयाचा. उच्च रक्तदाबाच्या रोग्याच्या बाबतीत मात्र हा काळ पाच तासांच्या खाली आणू नये आणि उपचारकाळात रक्तदाब मोजत राहावे. हा उपचार झोपेसाठी आहे. रक्तदाबाची औषधे त्याबरोबर चालूच राहिली पाहिजेत.

६. झोपेच्या औषधांचे स्थान

औषधे सर्वस्वी त्याज्य नाहीत. एखाद्या दुःखाच्या किंवा आजाराच्या प्रसंगी थोड्या दिवसांपुरती ती उपकारकच ठरतात. परंतु बेंझोडायाझेपीन वर्गाची सवय जडते, आणि वृद्ध रोगी रात्री उठला तर गुंगी व रक्तदाबाच्या औषधाने येणारी भोवळ ह्या दोहोंमुळे पडण्याचे भय असते. मेलॅटोनिन निरुपद्रवी समजले जाते, पण तेथेही रोगी कोणते औषध घेतो ह्यावर परिणाम अवलंबून असतो. बीटारोधक घेणाऱ्या १६ रोग्यांवरील २०१२ च्या चाचणीत तीन आठवड्यांनंतर झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढली. ह्याउलट निफेडिपीन घेणाऱ्यांवरील २००० सालच्या चाचणीत मेलॅटोनिनने रक्तदाब वाढला.

तात्पर्य, उच्च रक्तदाबाच्या रोग्यातील निद्रानाशाचा उपचार चिठ्ठीपासून सुरू होत नाही, तो प्रश्नापासून सुरू होतो. झोप येत नाही, की येते पण लागत नाही? लागते पण मोडते, की मोडत नाही तरी पुरी होत नाही? हे प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, आणि त्यांची उत्तरे देण्याइतकी मराठी प्रत्येक रोग्याजवळ असते. ऐकणाऱ्याने क्रियापदाकडे लक्ष पुरविणे एवढेच अवश्य आहे.