लिनक्सवर पीअर-टू-पीअर स्ट्रीमिंग: मॅच बघताय की वाटताय?

पनवेलमध्ये २०२० साली 'योट्टा एनएम१' हे डेटा सेंटर सुरू झालं. सर्व्हरचे ७,२०० रॅक मावतील एवढी त्याची क्षमता सांगितली जाते. आपण ऑनलाइन बघतो तो बहुतेक व्हिडिओ अशाच कुठल्यातरी इमारतीतून येतो. प्रेक्षक वाढले की सर्व्हर वाढवायचे, खर्चही वाढवायचा.

पीअर-टू-पीअर स्ट्रीमिंगमध्ये मात्र पंगतीत वेगळा वाढपी नसतो. जेवणाराच शेजाऱ्याला वाढतो. व्हिडिओचे छोटे तुकडे होतात आणि तुमच्याकडे आलेला तुकडा तुमचाच कॉम्प्युटर पुढे दुसऱ्यांना पाठवतो. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटचीही हीच कल्पना. फरक एवढाच, की टोरंटमध्ये तुकडे कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात. स्ट्रीमिंगला पुढच्या काही सेकंदांचे तुकडे आधी लागतात. म्हणून सुरुवातीला बफरिंग होतं आणि प्रेक्षक कमी असले तर चित्र अडकतं.

या प्रकारातलं 'एस स्ट्रीम' हे सॉफ्टवेअर उबंटूवर स्नॅप पॅकेज म्हणून मिळतं. ते टाकलं की दोन गोष्टी समजून घ्यायच्या: इंजिन आणि प्लेअर. इंजिन पडद्यामागे तुकडे गोळा करतं आणि तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या ६८७८ या पोर्टवर व्हिडिओ उपलब्ध करतं. व्हीएलसीसारखा प्लेअर तिथून तो उचलतो. गोंधळ इथेच होतो. प्लेअर बंद केला तरी इंजिन चालू राहू शकतं आणि अपलोडही. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर डेटा पॅक गुपचूप संपतो. त्यामुळे सिस्टिम मॉनिटरमध्ये जाऊन इंजिन थांबलंय ना, हे बघावं. रूट युजर म्हणून तर ते चालवूच नये.

"मी तर फक्त बघत होतो" हा बचावही इथे लंगडा पडतो. फुकटात दिसणारी मॅच किंवा नवा सिनेमा विनापरवाना असेल, तर तुम्ही तो वाटतही असता आणि तुमचा आयपी अ‍ॅड्रेस इतर पीअरना दिसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

तंत्रज्ञान स्वतः मात्र बेकायदेशीर नाही. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं 'पीअरट्यूब' हेच तंत्र वापरतं, तेही थेट ब्राउझरमध्ये. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि वाटणी नको असेल तर सेटिंगमधून ती बंदही करता येते.