दफ्तरातला आपला जिल्हा : जुन्या सरकारी कागदांतून कोलाबा

आपल्या समाजाचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. आपल्या वाडवडिलांना लिहू दिले नव्हते हे खरे. पण सरकारने आपल्या सोयीसाठी, म्हणजे वसुलीसाठी, चाकरीसाठी आणि पाळत ठेवण्यासाठी, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. ते वाचायचे कसे, याची थोडी माहिती विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून आम्ही पूर्वीचा कोलाबा जिल्हा उदाहरणादाखल घेत आहोत. १९८१ साली त्याचे रायगड असे नामांतर झाले.

पहिली अडचण येते ती जिल्ह्याच्या हद्दीची. महाड पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते, पनवेल व कर्जत ठाण्याकडे होते, तर मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्यामुळे गाव आज रायगडात असले तरी त्याचा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद भलत्याच जिल्ह्याच्या रुमालात बांधलेला असू शकतो. आधी गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात होते ते पाहावे, मगच दफ्तर मागावे. मुंबईचे सरकारी दफ्तर १८२१ साली सुरू झाले व पुढे अनेक वर्षे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राहिले. पेशवेकालीन कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. गावचे कागद मात्र तहसील, भूमिअभिलेख आणि तलाठी यांच्याकडेच शोधावे लागतात.

सुरुवात करणाऱ्याने कोलाबा जिल्ह्याचे १८८३ सालचे गॅझेटियर हाती घ्यावे. ते उपयोगी आहे, पण डोळे झाकून मानू नये. साहेबाला माहिती पुरवणारे कारकून, कुलकर्णी, मामलेदार कोण होते याचा विचार करावा. महारांच्या स्वभावाविषयी जे लिहिले आहे ते सांगणाऱ्याचे मत समजावे. कामाविषयी जे लिहिले आहे ते मात्र बारकाईने वाचावे. सरकारी खजिना पोचवणे, टपाल व निरोप नेणे, रयतेला चावडीवर बोलावणे, गावाची शीव दाखवणे ही कामे वतनदार महाराची. शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष महत्त्वाची धरली जाई, त्यालाच चावडीच्या पायरीवर चढता येत नसे. ही विसंगती सरकारी कागदातच उघडी पडते.

महार वतनाचा कायदा १८७४ चा. त्यात सुधारणा व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. जमीन परत घेण्यासाठी पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम भरायची होती, आणि परत मिळालेली जमीनही नवीन शर्तीची, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणारी. रक्कम भरली की नाही, नाव कुणाचे लागले, हे फेरफाराच्या नोंदींत सापडते. आपल्या कित्येक घरांत ‘आजोबांची जमीन होती’ एवढेच ठाऊक असते. ती गेली कशी, हे त्या नोंदींवरून कळू शकते. खोतीच्या गावांत काम अधिक अवघड आहे. तिथे कसणाऱ्या कुळाचे नाव कागदावर असेलच असे नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

नावे वाचताना एक खूण लक्षात ठेवावी. जुन्या कागदांत आपल्या पूर्वजांच्या नावापुढे ‘नाक’ येते : सिदनाक, रायनाक. कोरेगावच्या स्तंभावरही अशी नावे आहेत. आडनाव बहुधा नसतेच, म्हणून बापाचे नाव आणि गाव यांवरून माणूस ओळखावा लागतो. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले. लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ साली अर्जाचा मसुदा केला आणि पुढच्याच वर्षी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. म्हणजे २० मार्च १९२७ च्या तीस-बत्तीस वर्षे आधी महाडात आपला माणूस सरकारी बैठकीत बसला होता.

चवदार तळ्याच्या लढ्याचे तर दोन इतिहास आहेत. एक आपल्या आठवणीतला, दुसरा कोर्टाच्या कागदातला. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, मग सत्याग्रह, आणि डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी बाबासाहेबांवर लावलेला दावा. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पुरातन वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. ते त्यांना कागदोपत्री शाबीत करता आले नाही. १९३१ साली खालच्या कोर्टात आणि १९३७ साली हायकोर्टात ते हरले. पोलिसांचे गुप्त अहवालही उपलब्ध आहेत. त्यांतील पुष्कळ भाग महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनग्रंथात छापला. ते ‘बहिष्कृत भारत’च्या अंकांशेजारी ठेवून वाचावेत. पोलिसांना भीती कशाची वाटत होती ते त्यांत दिसते, आणि ती पाहून आम्हांला तरी गंमत वाटते.

आता विद्यार्थ्यांच्या गरजेचे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आले, पण आजोबांच्या नोंदीवर जुनी जातच असणार. तिची लाज बाळगून कागद दडवू नये. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या कायदा दुरुस्तीनंतर मिळाल्या, त्याही याच जुन्या नोंदीच्या आधारे. शाळेचे जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. जन्म-मृत्यूच्या त्या वहीत जातीचा रकाना असतो. नक्कल मागताना गाव, तालुका आणि अंदाजे साल लिहून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. कागद नाही असे तोंडी सांगितले तर तसे लेखी मागावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क दिला आहे.

जुन्या नोंदी बहुतेक मोडीत आहेत. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरतात. प्रत्येक वाडीतून एका तरी मुलाने किंवा मुलीने तिथे नाव घालावे, कारण पैसे देऊन वाचून घेतलेला कागद बरोबर वाचला की चूक, हे मोडी न येणाऱ्याला कधीच कळत नाही.