समजून घ्या : तलावावर गळ टाकणाऱ्याला कोण अडवू शकते? पाणी कोणाचे, मासे कोणाचे?

परळी तालुक्यातील सिरसाळा हे बाजारपेठेचे गाव. एका बाजूला सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण, दुसऱ्या बाजूला नागापूरजवळचे वाण धरण आणि आसपास पाझर तलाव, साठवण तलाव, शेततळी. पाणी उतरू लागले की काठावर गळ घेऊन बसणारे दिसतात. कोणी रात्रीच्या कालवणापुरते मासे धरतो, कोणी बाजारात विकायला. मग कोणीतरी येऊन विचारतो, “कोणाला विचारून धरताय?” बाचाबाची होते, कधी जाळे ओढून घेतले जाते, कधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. अडवणारा आणि अडवला जाणारा, दोघांनाही नेमका नियम ठाऊक नसतो, हे या वादांमागचे एक मोठे कारण.

तलावातले मासे सर्वांचे नसतात का?

राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. त्यामुळे धरणे, तलाव आणि नद्यांतील मासेमारीचे नियम राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्रात बहुतेक धरणे जलसंपदा विभागाची आहेत, पण त्यातील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो. हा ठेका प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो. लहान तलाव जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतही असतात. म्हणजे पाण्याचा मालक एक आणि त्यातल्या माशांवर हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते.

ठेका घेणारी संस्था केवळ मासे काढत नाही. तिला जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास फारशी होत नाही. म्हणून बोटाएवढी पिल्ले, म्हणजेच बोटुकली, विकत आणून सोडावी लागतात. बाजारात किलोने विकला जाणारा रोहू अनेकदा कोणीतरी पैसे मोजून पाण्यात सोडलेला असतो. गळ टाकणाऱ्याला तो ‘देवाचा मासा’ वाटतो, संस्थेच्या सभासदाला ते आपले उभे पीक वाटते. वादाचे मूळ इथे आहे.

अडवणारा माणूस कोण असू शकतो?

काठावर येऊन हटकणारी माणसे साधारण चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाचे अधिकार वेगळे असतात.

पहिला, मच्छीमार संस्थेचा राखणदार. तो खासगी माणूस आहे. ठेका संस्थेकडे आहे, हे सांगण्याचा, मासेमारी थांबवा म्हणण्याचा आणि पोलिसांना किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवण्याचा त्याला हक्क आहे. मारहाण करणे, दंड म्हणून पैसे घेणे, मोबाइल किंवा दुचाकी ठेवून घेणे हे त्याच्या अधिकारात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तर खासगी व्यक्तीलाही पकडता येते. मात्र पकडलेल्या माणसाला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. विनापरवाना गळ टाकणाऱ्याला दिवसभर झाडाखाली बसवून ठेवण्याची मुभा ही तरतूद देत नाही.

दुसरा, मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारी. जिल्ह्यात सहायक आयुक्तांचे कार्यालय असते आणि त्यांच्या हाताखाली मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी काम करतात. ठेक्याच्या अटी, मासेमारीची पद्धत आणि जाळ्यांविषयीचे नियम पाहणे हे त्यांचे काम. जिल्हा मोठा, तलाव विखुरलेले आणि माणसे मोजकी, त्यामुळे हा अधिकारी काठावर क्वचितच दिसतो.

तिसरा, जलसंपदा विभागाचा कर्मचारी. त्याचा संबंध माशांशी नसतो, धरणाच्या सुरक्षेशी असतो. भिंत, सांडवा, दरवाजे आणि कालव्याचे तोंड या ठिकाणांहून तो कोणालाही हटवू शकतो. मासे धरण्याचा परवाना असला तरी दरवाजाजवळ बसण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

चौथा, वन विभागाचा कर्मचारी. जलाशय अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. या कायद्याच्या कलम ५० नुसार वनाधिकाऱ्याला झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार आहेत. चौघांत सर्वांत कडक अधिकार याच्याकडे आहेत.

कोणत्या गोष्टींना कुठेच माफी नाही?

स्फोटके आणि विष. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यातच पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला गेला. महाराष्ट्राने पुढे १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. १८९७ च्या कायद्यात शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात किलोभर चांगली मासळीही जेमतेम येते. दंडाची रक्कम काळाबरोबर वाढली नाही, तर कायद्याचा धाक कसा उरत नाही, याचे हे बोलके उदाहरण.

सुरुंगाच्या धक्क्याने मोठ्या माशांबरोबर पिल्ले, अंडी आणि पाण्यातले किडेही मरतात. त्यातले बरेचसे तळाशी जाते आणि कोणाच्याच हाती लागत नाही. विष घातलेले पाणी तर जनावरे पितात, कधी माणसेही. पाण्यात वीज सोडून मासे धरण्याचा प्रकार तितकाच जीवघेणा आहे. ओल्या काठावर उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा झटका बसतो. यातले काही दिसले तर स्वतः भिडण्यापेक्षा ११२ वर फोन करणे शहाणपणाचे.

लहान मासा, बारीक जाळे : एवढा आग्रह कशासाठी?

बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकलीही अडकते. आज मूठभर पिल्ले निघाली, तर वर्षभराने तयार होणारे किलो किलोचे मासे गेले. समुद्रात हाच विचार करून राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. शिवाय दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते.

गोड्या पाण्यात हाच काळ जास्त नाजूक. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे ‘चढणीचे मासे’ धरण्याची हौस गावोगाव आहे. पण अंडी घालण्याआधीच मादी टोपलीत गेली, तर पुढची पिढीच बुडते. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. म्हणून एका दिवसाच्या हौसेची किंमत पुढची काही वर्षे मोजावी लागते.

संघर्ष उन्हाळ्यात का वाढतो?

मराठवाड्यातील धरणे दरवर्षी भरतातच असे नाही. २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीसह बहुतेक प्रकल्प तळाला गेले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी उतरते तसे मासे उरलेल्या डबक्यात दाटीने जमतात. धरायला सोपे होतात आणि प्राणवायू कमी पडून मरूही लागतात. संस्थेला वर्षभराची गुंतवणूक याच दिवसांत काढून घ्यायची असते. ऊसतोडीवरून परतलेल्या माणसाच्या हाताला याच दिवसांत काम नसते. गावकऱ्याला वाटते, मरणारच आहेत तर चार आपण नेले तर काय बिघडले? सभासदाला वाटते, बीज सोडताना कोणी आले नाही आणि काढताना सगळे आले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. म्हणूनच भांडण चिघळते.

जंगलातल्या जलाशयात काय घडते?

पैठणच्या जायकवाडी जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरण १९७६ मध्येच सुरू झाले होते आणि काठच्या कुटुंबांची मासेमारी अभयारण्याच्या आधीपासूनची होती. एकाच पाण्यावर पक्ष्यांसाठी कायदा आणि पोटासाठी जाळे, असा तिढा तिथे अजूनही आहे.

नागपूर जिल्ह्यातील तोतलाडोहचा अनुभव आणखी तीव्र आहे. पेंच नदीवरचा हा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या व्याघ्र प्रकल्पांत पसरला आहे. मध्य प्रदेशने उद्यानातून विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये परवाने रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या : छायाचित्र असलेले ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, काठावर आग पेटवायची नाही, जलाशयातील बेटे वापरायची नाहीत. उपजीविका आणि जंगल, दोन्ही मान्य करून काढलेली ही वाट होती. तरीही या जलाशयात रात्री चोरून जाळी टाकणे आणि गस्तीच्या पथकांशी होणाऱ्या झटापटी हा वन विभागापुढचा जुना प्रश्न राहिला. अंधार, पाणी, समोर जमाव आणि हातात काठी, अशा स्थितीत गस्तीवरच्या वनरक्षकाचा जीवही पणाला लागतो.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवतात?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तलाव गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून, वर छोटी खोपटी उभारून गळ टाकतात. तिथे संरक्षण अधिकारी बर्फावर फिरून तपासणी करतात : परवाना आहे का, गळ किती, मासे किती? उन्हाळ्यात माणशी एक आणि बर्फावर दोन गळ, असा तिथला साधा नियम आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो. त्यामुळे गळ टाकणाऱ्याला काय दाखवायचे आणि अधिकाऱ्याला काय विचारायचे, हे दोघांनाही आधीच माहीत असते.

आपल्याकडे हक्क प्रामुख्याने पाण्याला जोडलेला आहे आणि तो संस्थेच्या हाती असतो. हौशी किंवा गरजू माणसाने काय करावे, याचे उत्तर तलावाकाठी कुठे लिहिलेले नसते. ठेका कोणाचा, मुदत कधीपर्यंत, गळाला परवानगी आहे का आणि तक्रार कुठे करायची, एवढा मजकूर असलेला एक फलक लावला तरी निम्मी भांडणे टळतील.

पहारेकऱ्याविना मासे टिकतात का?

टिकतात. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड हा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या महसीर माशांना कोणी हात लावत नाही. तिथे ना ठेका, ना गस्त. नियम गावाचा आहे आणि तो मोडणाऱ्याला गावाची लाज वाटते. सगळ्या तलावांना देवराईचा मान मिळणार नाही. पण नियम आपला वाटला तर राखण सोपी होते, एवढे त्यातून कळते.

गळ टाकण्याआधी काय पाहावे?

• तलाव कोणाच्या ताब्यात आहे आणि ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, हे ग्रामपंचायतीत किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. ठेका असलेल्या पाण्यात गळ टाकायचा तरी संस्थेची संमती घ्यावी आणि पैसे दिले तर पावती मागावी.

• शेततळे ही खासगी मालमत्ता आहे. बंदिस्त तळ्यातले मासे मालकाच्या ताब्यात असतात, ते नेणे ही चोरी ठरू शकते. वाहत्या नदीतल्या माशांबाबत न्यायालयांनी जुन्या निकालांत वेगळी भूमिका घेतली आहे. तरी नदीतले डोहही ठेक्याने दिलेले असू शकतात.

• हटकणाऱ्याला ओळखपत्र विचारणे हा उद्धटपणा नाही. मात्र तो सरकारी कर्मचारी असेल तर अंगावर जाऊ नये. कर्तव्यावरील लोकसेवकावर हल्ला केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

• जाळे किंवा मासे जप्त झाले तर पंचनाम्याची मागणी करावी. अभयारण्यातील गैरप्रकार कळवण्यासाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

• राखणदारानेही संस्थेचे ओळखपत्र आणि ठेक्याच्या कागदाची प्रत जवळ बाळगावी. वाद वाढला तर हात उचलण्याऐवजी पोलिसांना बोलवावे.

तलावाची राखण काठीने फार दिवस होत नाही. बीज सोडणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला आणि गावातल्या गरजवंताला रीतसर गळ टाकायला जागा मिळाली, तर मासे वाढतील आणि पुढच्या उन्हाळ्यात भांडण्याची वेळही कमी येईल.