विजेत्या संघाची स्वाक्षरी खरी की बनावट? राजस्थान रॉयल्सच्या २००८ मधील संघाच्या स्मृतिवस्तू कशा पारखाव्यात

जयपूर : इंडियन प्रीमियर लीगचे पहिले विजेतेपद २००८ मध्ये पटकावणाऱ्या राजस्थान रॉयल्स संघाच्या स्वाक्षऱ्या असलेली बॅट, चेंडू किंवा जर्सी क्रिकेटप्रेमी संग्राहकांना विशेष मोलाची वाटते. या संघाचा कर्णधार व प्रशिक्षक शेन वॉर्न याचे ४ मार्च २०२२ रोजी थायलंडमध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले. त्यामुळे त्या संघाच्या सर्व खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेली नवी वस्तू यापुढे तयार होणे शक्य नाही. पुरवठा असा कायमचा थांबतो, मागणी मात्र थांबत नाही. बनावट स्वाक्षऱ्यांना वाव मिळतो तो याच ठिकाणी.

या संघाचे अप्रूप का?

स्पर्धेतील आठ संघांपैकी राजस्थानचा संघ सर्वांत कमी, म्हणजे ६.७ कोटी डॉलर किमतीला विकला गेला होता. या संघाकडून कुणालाही फारशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात साखळीतील १४ पैकी ११ सामने जिंकून त्याने अग्रस्थान मिळविले. जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमवरील सातही सामने त्याने जिंकले. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १ जून २००८ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात चेन्नई सुपर किंग्जच्या १६३ धावांचा पाठलाग राजस्थानने अखेरच्या चेंडूवर पूर्ण केला.

युसूफ पठाण अंतिम सामन्याचा, तर शेन वॉटसन स्पर्धेचा मानकरी ठरला. सोहेल तन्वीरने सर्वाधिक २२ बळी घेतले. गोव्याचा सलामीवीर स्वप्निल अस्नोडकर याने नऊ सामन्यांत ३११ धावा केल्या, तर रवींद्र जडेजा तेव्हा याच संघातील एक नवोदित खेळाडू होता.

काळाचा मेळ महत्त्वाचा

संपूर्ण संघाच्या स्वाक्षऱ्यांची वस्तू पारखताना पहिला प्रश्न अक्षराच्या वळणाचा नसतो. हे सर्व खेळाडू एकत्र कधी होते, याचा विचार आधी करावा लागतो. ही स्पर्धा १८ एप्रिल ते १ जून २००८ या काळात झाली. पाकिस्तानचा तन्वीर पुढील हंगामांत या स्पर्धेत खेळला नाही. त्यामुळे वॉर्न, वॉटसन, ग्रॅमी स्मिथ आणि तन्वीर यांच्या स्वाक्षऱ्या एकाच बॅटवर असतील, तर त्या बहुधा त्याच दीड महिन्यात घेतलेल्या असाव्यात, किंवा कुणीतरी पुढे वेगवेगळ्या देशांत जाऊन त्या पूर्ण केलेल्या असाव्यात. यांपैकी काय घडले, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे.

जर्सीचा रंगही बोलका असतो. राजस्थानचा संघ आज गुलाबी रंगासाठी ओळखला जातो; परंतु २००८ मध्ये संघाची जर्सी निळ्या रंगाची होती आणि गुलाबी हा मुख्य रंग २०१९ पासून स्वीकारण्यात आला. वॉर्न नंतरही संघाशी जोडलेला असल्याने गुलाबी जर्सीवर त्याची खरी स्वाक्षरी असू शकते. मात्र ‘विजेतेपदाच्या हंगामातील जर्सी’ म्हणून ती विकली जात असेल, तर तो दावा टिकत नाही.

हीच कसोटी १९८३ च्या विश्वविजेत्या भारतीय संघालाही लागू पडते. त्या संघातील १४ खेळाडूंपैकी यशपाल शर्मा यांचे १३ जुलै २०२१ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या स्नेहमेळाव्यात ‘सर्व खेळाडूंनी’ सही केल्याचा दावा म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

बेसबॉलने शिकविलेला धडा

संघाच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद अमेरिकेत बेसबॉलभोवती मोठा झाला. बेब रूथ याचा समावेश असलेल्या १९२७ च्या न्यूयॉर्क यँकीज संघाचे स्वाक्षरी केलेले चेंडू आजही संग्राहकांच्या स्वप्नातील वस्तू आहेत. मात्र १९९० च्या दशकात तेथील केंद्रीय तपास संस्था एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट स्वाक्षऱ्यांचे मोठे जाळे उघडकीस आणले. जप्त मालात मदर तेरेसा यांची खोटी स्वाक्षरी असलेले बेसबॉलही होते. विशेष म्हणजे, या टोळ्या बनावट वस्तूंसोबत बनावट प्रमाणपत्रेही देत असत.

त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. त्रयस्थ निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत खेळाडू स्वाक्षरी करतो, वस्तूवर स्वतंत्र क्रमांकाचा होलोग्राम लावला जातो आणि त्या क्रमांकाची नोंद कुणालाही तपासता येते. येथे नंतर कुणी अक्षर ओळखण्याचा प्रश्नच राहत नाही. मूळ क्षणाचीच नोंद होते. भारतीय क्रिकेटमध्ये अशी सर्वमान्य केंद्रीय नोंद रूढ झालेली नसल्याने पारख करण्याची जबाबदारी खरेदीदारावरच येते.

मालकीच्या इतिहासाला मोल

ज्या वस्तूचा प्रवास निर्विवाद असतो, तिला किंमत मिळते. ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या मदतनिधीसाठी वॉर्नने जानेवारी २०२० मध्ये आपली कसोटी टोपी स्वतः लिलावात काढली, तेव्हा तिला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. वस्तू थेट खेळाडूकडूनच आलेली असल्याने तिच्या खरेपणाविषयी शंकेला जागा नव्हती.

सामान्य संग्राहकाने विक्रेत्याकडे मूळ पावती, स्वाक्षरी घेतानाचे छायाचित्र आणि यापूर्वीच्या मालकांची माहिती मागावी. छापील स्वाक्षरी भिंगाखाली ओळखता येते. तिच्यात शाईचे बारीक ठिपके दिसतात आणि पेनाचा दाब कमी-जास्त झाल्याची खूण आढळत नाही. स्वाक्षऱ्या ताडून पाहण्यासाठी पुण्यातील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’सारखी क्रिकेट संग्रहालये उपयोगी पडतात. रोहन पाटे यांनी उभारलेल्या या संग्रहालयात नामवंत खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेल्या बॅट पाहता येतात.

खरी वस्तू मिळाल्यानंतरही तिची जपणूक करावी लागते. थेट उन्हाने शाई फिकट होते. राजस्थानच्या कोरड्या उष्णतेत बॅटच्या विलो लाकडाला तडे जाण्याचा, तर कोकणातील दमट हवेत कापडाला बुरशी लागण्याचा धोका असतो.

बनावट वस्तू खरी म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक ठरू शकते. व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अशा तक्रारीत लेखी दाव्याचा मोठा आधार होतो. ‘कोणाची स्वाक्षरी, कधी आणि कुठे घेतलेली’ हे पावतीवर लिहून देण्यास विक्रेता तयार नसेल, तर तो सौदा सोडून देणेच श्रेयस्कर.