लॅपटॉपवर चहा सांडला? तांदळाचा डबा राहू दे

२०२६ चा फुटबॉल वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे बरेच सामने आपल्याकडे रात्री उशिरा नाहीतर पहाटे. मरोळच्या वन-रूम-किचनमध्ये सगळे झोपलेले असताना टीव्ही कोण लावणार? मग लॅपटॉप मांडीवर, चहा हातात. गोल झाला की चहा कीबोर्डवर! अशा वेळी लॅपटॉप तांदळात पुरून उपयोग नाही. मदरबोर्डाचा खरा घात नुसत्या ओलाव्याने होत नाही, ओल्या बोर्डातून वीज वाहिली की होतो. शिवाय पाणी उडून जातं, पण साखरेचा आणि दुधाचा थर चिपच्या पायांशी चिकटून राहतो. तो थर तांदूळ कसा काढणार?

"आमचा तर तांदळात ठेवून चालू झाला," असं कुणीतरी म्हणणारच. झाला असेल, पण तो आपोआप वाळला म्हणून. पावसाळ्यात तोच थर पुन्हा ओल धरतो आणि सोल्डरशेजारी हिरवट गंज चढतो. त्यापेक्षा लगेच चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, उलटा ठेवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करून घ्या. दुरुस्तीवाला थेट नवा बोर्ड सुचवत असेल, तर चिप-लेव्हल काम, म्हणजे बोर्डावरचा फक्त बिघडलेला भाग दुरुस्त करणं, होईल का, ते आधी विचारा.

काही अडलं तर मॉडेल नंबरासकट विचारा.