उंची सव्वासहा फूट. पण गुणपत्रिकेचे काय?

नागपूर, प्रतिनिधी

मनीषनगरासारख्या वस्तीत दहावीतल्या एखाद्या मुलाची उंची सव्वासहा फुटांवर गेली, की त्याच्याविषयीची चर्चा घरापुरती राहत नाही. सायंकाळी मैदानावर येणारे जुने खेळाडू, शाळेचे क्रीडाशिक्षक, सोसायटीच्या फाटकाजवळ खुर्च्या टाकून बसणारे काका असे सगळेच त्याच्या भवितव्याचे जाणकार होतात. एक गट म्हणतो, 'पोराला बास्केटबॉलला लावा, अशी उंची विकत मिळत नाही.' दुसरा विचारतो, 'ते ठीक, पण गणितात किती पडले?' पहिल्या गटाला हा प्रश्न अरसिकपणाचा वाटतो. गंमत अशी, की महाविद्यालयीन बास्केटबॉलचे वेड ज्या देशात सर्वाधिक आहे, त्या अमेरिकेतही नव्या खेळाडूची निवड जाहीर होताच चाहते नेमके हेच दोन प्रश्न विचारतात. आणि तेथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पहिल्या उत्तराचा फारसा उपयोग उरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतीयच आहे. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग भामरा हा 7 फूट 2 इंच उंचीचा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि 2010 साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत दाखल झाला. त्या वेळी त्याला इंग्रजी येत नव्हते. पुढील काही वर्षांत त्याचा खेळ सुधारला, अमेरिकी विद्यापीठांचे त्याच्याकडे लक्ष गेले. मात्र महाविद्यालयीन खेळासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता त्याला पूर्ण करता आली नाही. परिणामी महाविद्यालयाची पायरी वगळून त्याने थेट व्यावसायिक निवडीत नाव दिले. 25 जून 2015 रोजी डॅलस मॅव्हेरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या निवडीत स्थान मिळवणारा तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला आणि देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु मुख्य एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो दुय्यम साखळीत खेळला, भारतात परतला, उत्तेजक चाचणीत दोषी ठरून दोन वर्षांच्या बंदीला सामोरा गेला आणि 2021 साली व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. महाविद्यालयात चार वर्षे मिळाली असती, तर तो एनबीएत टिकला असता, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकणार नाही. तथापि कच्च्या खेळाडूला पिकण्यासाठी जो काळ लागतो, तो काळ त्याला तेथे मिळाला असता, एवढे निश्चित.

सोळा विषयांचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिच्या सर्वोच्च गटात, म्हणजे 'डिव्हिजन वन'मध्ये, साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे बास्केटबॉल खेळतात. शिकवणी शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च भागवणारी पूर्ण शिष्यवृत्ती तेथे मिळू शकते. मात्र प्रशिक्षकाला मुलगा आवडला म्हणजे प्रवेश झाला, असे नसते. नववी ते बारावी या चार वर्षांत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा मुख्य विषयांचे सोळा अभ्यासक्रम पूर्ण व्हावे लागतात. त्यातील दहा अभ्यासक्रम शेवटचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी संपलेले असावे लागतात आणि एकूण सरासरी चारपैकी किमान 2.3 असावी लागते. पूर्वी यासोबत सॅट अथवा एसीटी या परीक्षेचे गुणही पाहिले जात. जानेवारी 2023 मध्ये एनसीएएने ती अट काढून टाकली. विद्यापीठे स्वतःच्या प्रवेशासाठी ती परीक्षा किंवा इंग्रजीची चाचणी मागू शकतात, हा भाग वेगळा.

भारतीय पालकांच्या ध्यानात सहसा न येणारी बाब म्हणजे हे घड्याळ नववीपासून सुरू होते. आपल्याकडे खरा अभ्यास दहावीचा, नववी म्हणजे दहावीची तयारी, असा समज आहे. शिवाय एखाद्या मोठ्या स्पर्धेसाठी किंवा प्रवेश परीक्षेसाठी वर्ष 'ड्रॉप' घेणे येथे सर्रास चालते. एनसीएएच्या हिशेबात नववीची गुणपत्रिका बारावीइतकीच मोजली जाते. शालेय शिक्षण ठरलेल्या मुदतीत संपणे अपेक्षित असते आणि ते संपल्यावर एका वर्षाच्या सवलतीनंतरही विद्यार्थी संघटित स्पर्धा खेळत राहिला, तर महाविद्यालयातील त्याचे खेळण्याचे हंगाम कमी होतात. राज्य संघातून आणखी एक वर्ष खेळावे आणि मग बघावे, हा येथे शहाणपणाचा वाटणारा सल्ला तेथे महागात पडतो.

चाहत्यांच्या वादातला दुसरा मुद्दा खेळाच्या मोजमापाचा. अमेरिकेत शालेय खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत तारे देऊन त्यांची क्रमवारी लावली जाते. उंची, हातांचा पल्ला, उडी, धावण्याचा वेग हे मोजता येते. सामन्याची समज, चुकल्यानंतर पुन्हा उभे राहण्याची वृत्ती, प्रशिक्षकाचे ऐकण्याची तयारी हे मोजता येत नाही. स्टीफन करी हे याचे सुपरिचित उदाहरण. शाळा संपवताना तो अंगापिंडाने किरकोळ होता, मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयात गेला. 2009 च्या निवडीत तो सातव्या क्रमांकावर गेला, पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. अर्थात, करीचे नाव घेऊन प्रत्येक दुर्लक्षित खेळाडूची समजूत काढणेही बरोबर नाही. एनसीएएच्याच अंदाजानुसार शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या अमेरिकी मुलांपैकी सुमारे एक टक्काच डिव्हिजन वनपर्यंत पोहोचतात. तेथून व्यावसायिक संघात जाणारे तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे बहुतेकांच्या हाती शेवटी पदवीच उरते.

वर्गात नापास, तर मैदानाबाहेर

गुणांची ही अट तेथेही वादाशिवाय आली नाही. 1983 साली मंजूर झालेला आणि 1986 पासून लागू झालेला 'प्रपोझिशन 48' हा नियम किमान सरासरी व किमान सॅट गुण मागत होता. त्याचा फटका प्रामुख्याने गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना बसतो, अशी टीका झाली. पुढे तो आणखी कडक करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जानेवारी 1989 मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन बॉस्टन कॉलेजविरुद्धच्या सामन्याच्या प्रारंभीच निषेध म्हणून मैदान सोडून निघून गेले. ज्या मुलाची शाळाच चांगली नव्हती, त्याला एका परीक्षेच्या आकड्यावर अडवणे न्याय्य आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. सॅटची अट 2023 मध्ये गेली, तरी तो प्रश्न संपलेला नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. खेळाडूंना नुसते मैदानावर राबवून घ्यायचे आणि पदवीविना बाहेर सोडायचे, या प्रवृत्तीला आवर घालण्यासाठी संघाच्या शैक्षणिक प्रगतीचा निर्देशांक ठरवण्यात आला. 2011 साली राष्ट्रीय विजेता ठरलेला कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष संघ याच निर्देशांकात मागे पडल्यामुळे 2013 च्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर ठेवला गेला. वर्षभराने परत येऊन त्याने 2014 चे विजेतेपद पटकावले. विजेत्या संघाला अभ्यासासाठी घरी बसवणे, ही कल्पना आपल्याकडील क्रीडा विभागांना पचनी पडणे कठीण आहे.

सवलत आहे, व्यवस्था नाही

महाराष्ट्रातील चित्र वेगळे आहे. येथे खेळाडूला शैक्षणिक अट घालण्याऐवजी शैक्षणिक सवलत दिली जाते. दहावी व बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार कमाल 25 सवलतीचे गुण मिळतात. दहावीत पाच विषयांचे 500 गुण धरले, तर ही वाढ पाच टक्क्यांची होते. अकरावीचा प्रवेश ज्या शहरात दशांश अपूर्णांकावर ठरतो, तेथे पाच टक्के ही सामान्य गोष्ट नव्हे. शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण 30 एप्रिल 2005 च्या शासन निर्णयाने लागू झाले.

सवलतीचा हेतू चांगला. पण तिच्याभोवती प्रमाणपत्रांचे एक निराळेच जग उभे राहिले. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूंच्या कागदपत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. गुणांपुरता खेळ खेळणारी मुले दहावीनंतर मैदानावर दिसत नाहीत, ही क्रीडाशिक्षकांची जुनी तक्रार आहे. ज्याला खरोखर खेळायचे आहे, त्याची गरज मात्र वाढीव गुणांपेक्षा वेगळी असते: बुडालेले वर्ग भरून काढणारी शिकवणी, आणि परीक्षा व सामना एकाच दिवशी आल्यास दुसरी तारीख. 2018 साली पंधरा वर्षांचा नेमबाज अनिश भानवाला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला, त्याच्या दहावीच्या काही पेपरांसाठी सीबीएसईला स्वतंत्र तारखा द्याव्या लागल्या. तारीख मिळाली खरी, पण त्यासाठी आधी मुलाने राष्ट्रीय संघात असावे लागते. जिल्हा संघातल्या मुलाने कोणाकडे जायचे?

महाविद्यालयीन स्तरावर भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, आंतरविद्यापीठ स्पर्धा भरतात. त्यासाठी नियमित विद्यार्थी असणे आणि पंचविशीच्या आतील वय या मुख्य अटी आहेत. अमेरिकेसारखी किमान सरासरीची अट नाही. 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची भर पडली. तरीही बास्केटबॉलपटूला पोट भरण्यासाठी अखेर रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांसारख्या संस्थांच्या संघांकडेच पाहावे लागते, आणि तेथील जागा मोजक्या. म्हणूनच 'गणितात किती पडले' हा काकांचा प्रश्न येथे अधिक बोचरा ठरतो. अमेरिकेत अभ्यास खेळाचे दार उघडतो; येथे तो खेळ फसल्यावरचा आधार असतो.

नागपूरचे तीन मार्ग

या शहराने अलीकडे तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. बॅडमिंटनपटू मालविका बनसोडने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षांत 90 टक्क्यांहून अधिक गुण मिळवले आणि जानेवारी 2022 मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला सरळ गेममध्ये हरवले. तिरंदाज ओजस देवतळेने साताऱ्यातील प्रबोधिनीची वाट धरली. 2023 साली बर्लिनला तो विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे वय 19 होते. तिघांच्या नावाने मनीषनगरातही मुलांना उपदेश केले जातात. मात्र हे तिन्ही खेळ वैयक्तिक आहेत. तेथे मानांकन खेळाडूच्या नावावर असते आणि महाविद्यालयाने संघात घेतले नाही, म्हणून विश्वविजेतेपदाचा रस्ता बंद होत नाही. बास्केटबॉलमध्ये सरावालाच दहा जण लागतात. संघ नसेल, तर उंची भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेपुरती राहते.

महाविद्यालयाची वाट भारतीय खेळाडूंना बंद आहे, असेही नाही. सतनामच्याच तुकडीतील कविता अकुला ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून खेळली. बंगळुरूची संजना रमेश 2019 मध्ये शिष्यवृत्तीवर नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात गेली. मुलांपैकी एनबीएच्या भारतातील अकादमीत घडलेल्या प्रिन्सपाल सिंगने मात्र 2020 साली महाविद्यालय टाळून एनबीएच्या विकास साखळीतील संघाशी करार केला. जुलै 2021 पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि 2025 मध्ये विद्यापीठांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग खुला झाला. परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर कमाईचे निर्बंध असल्याने भारतीय मुलाने या पैशावर भिस्त ठेवू नये. त्याच्यासाठी शिष्यवृत्ती आणि पदवी हाच खरा मोबदला.

मनीषनगराच्या दृष्टीने अडचण आणखी जवळची आहे. विभागीय क्रीडा संकुल मानकापूरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. रेल्वे फाटकावरील जुनी कोंडी नोव्हेंबर 2020 मध्ये उड्डाणपूल सुरू झाल्यावर कमी झाली, मेट्रोही आली. तरी शाळा, शिकवणी आणि तास-दीड तासाचा सराव यांत जाण्यायेण्याचा वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न रोजचा आहे. आठवीपर्यंत दोन्ही जमते. नववीत नीट-जेईईचा पाया घालणारे वर्ग सुरू होतात आणि बहुतेक घरांत आधी मैदान सुटते. नेमक्या त्याच वर्षी एनसीएएचे घड्याळ चालू झालेले असते.

ज्या घरात मैदान सोडायचे नाही असे ठरते, तेथे काही कामे लगेच करावी लागतात. नववीपासूनची प्रत्येक गुणपत्रिका मूळ स्वरूपात जपून ठेवणे, जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख एकच असल्याची खात्री करणे, गणित व विज्ञान सोडून सोपे विषय घेण्याचा मोह टाळणे, आणि निवडक झेलफेक जोडलेल्या चित्रफितीसोबत दोन-तीन पूर्ण सामन्यांचे चित्रण ठेवणे. जन्मतारखेतील तफावत दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेतच दुरुस्त करून घेणे सोपे जाते. प्रमाणपत्र हाती आल्यानंतर मंडळाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.